मासेमारी जाळ्याच्या आसाचे मोजमाप : नियमनाचा एक दुर्लक्षित पैलू

प्रस्तावना :
अपरिपक्व मासळीला जाळ्यातून निसटता यावे, यासाठी जाळ्याच्या आसाचा किमान आकार ठरवून देणे हा मत्स्यसंवर्धनाचा जुना उपाय आहे. भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियम, १८९७ मध्येच जाळ्यांचे प्रकार व आकारमान यांविषयी नियम करण्याचा अधिकार प्रांतिक शासनास दिलेला होता. घटप्रभेच्या खोऱ्यातील नेसरीसारख्या गावापासून कोकण किनाऱ्यापर्यंत, जेथे जाळे पाण्यात पडते तेथे हा प्रश्न उद्‌भवतो. तथापि आस कशी मोजावी, या मूलभूत बाबीकडे फारसे लक्ष दिले जात नाही. प्रस्तुत लेखात तिचा विचार केला आहे.

कायद्याची चौकट :
महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ अन्वये राज्य शासनास मासेमारीच्या साधनांचे नियमन करता येते. २०१६ च्या आदेशाने पर्ससीन जाळ्यासाठी किमान २५ मिमी आस निश्चित करण्यात आली. शेजारच्या गुजरातने २००३ च्या कायद्याखाली ट्रॉल जाळ्याच्या खोल्यासाठी, म्हणजे मासळी साठणाऱ्या शेवटच्या भागासाठी, ४० मिमी चौकोनी आस विहित केली. २०२१ च्या दुरुस्तीने महाराष्ट्रात दंडाची रक्कम वाढली आणि कारवाईचे अधिकार तहसीलदारांऐवजी मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आले. दंड मोठा झाला की मोजमापातील लहानशी चूकही महाग पडते.

एक आस, तीन मापे :
आसाची प्रत्येक बाजू २० मिमी आहे असे मानू. केवळ बाजू मोजल्यास माप २० मिमी येते. चौकोनी स्थितीत कर्ण मोजल्यास ते सुमारे २८ मिमी भरते. आस पूर्ण ताणून समोरासमोरील गाठींमधील अंतर घेतल्यास ४० मिमी मिळते. त्यातही गाठीची जाडी धरावी की वगळावी, हा प्रश्न राहतोच. जाळे ओले आहे की कोरडे आणि ताण किती दिला, यांवरही माप बदलते.

आकाराइतकीच मांडणीही महत्त्वाची आहे. ओढताना शंकरपाळी आस ताणाने मिटते. चौकोनी आस मात्र उघडी राहते व लहान मासळीला वाट मिळते.

युरोपातील अनुभव :
युरोपीय संघात पूर्वी पाचरीच्या आकाराची चपटी पट्टी हाताने आसात सरकवून माप घेत. निरीक्षकाच्या हाताच्या जोरानुसार माप बदलत असल्याने वाद होत. २००८ च्या नियमाने ठराविक बल लावणारे 'ओमेगा' मापक स्वीकारले गेले व सप्टेंबर २००९ पासून ते लागू झाले. ३५ मिमीपेक्षा लहान आसासाठी २० न्यूटन, ३५ ते ५५ मिमीपर्यंत ५० न्यूटन आणि त्याहून मोठ्या आसासाठी १२५ न्यूटन बल ठरविण्यात आले. ओल्या जाळ्यातील सलग २० आसांची सरासरी घेतली जाते. फाटलेले वा दुरुस्त केलेले आस वगळले जातात. नौकाप्रमुखाने हरकत घेतल्यास आणखी २० आस मोजले जातात.

समारोप :
महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी किमान कायदेशीर आकारमान निश्चित केले. ते पाळले जाणे बहुतांशी जाळ्यावर अवलंबून आहे, कारण जाळ्यात मेलेले पिल्लू समुद्रात परत टाकून वाचत नाही. मात्र बोंबील व जवळा पकडणाऱ्या डोल जाळ्यास ट्रॉलचा निकष लावता येणार नाही, याचेही भान ठेवावे लागेल. म्हणून नियमात मिलिमीटरच्या आकड्यासोबतच कोणते अंतर, किती ताण, किती आस आणि हरकतीची कोणती सोय, हे नमूद असणे अगत्याचे आहे. मच्छीमारास आपले जाळे बंदरातच, त्याच मापकाने तपासून घेता आले, तर नियम त्याला अन्यायकारक वाटणार नाही आणि मासळीचे संरक्षणही कागदावर राहणार नाही.