कृष्णद्रव्याची सही?

१९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमा दीर्घिकासमूहातील दीर्घिकांचे वेग अभ्यासले. ते इतके होते, की दिसणाऱ्या ताऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणाने तो समूह बांधलेला राहणेच शक्य नव्हते. न दिसणारे बरेच द्रव्य तेथे असले पाहिजे. आजच्या हिशेबाने विश्वातील सुमारे ८५ टक्के द्रव्य असे अदृश्य, म्हणजे कृष्णद्रव्य आहे. पण जे प्रकाशच देत नाही, ते शोधायचे कसे?

एक वाट क्ष-किरणांतून जाते. कृष्णद्रव्य ‘निष्क्रिय न्यूट्रिनो’ या कल्पित कणांचे असेल, तर असा कण क्वचित विघटन पावून एक साधा न्यूट्रिनो आणि एक फोटॉन देईल. फोटॉनच्या वाट्याला मूळ कणाच्या वस्तुमानाची निम्मी ऊर्जा येईल. एकट्या कणाला त्यासाठी विश्वाच्या वयाहून कितीतरी अधिक काळ लागेल. परंतु दीर्घिकासमूहात कणच इतके, की वर्णपटात एक बारीक रेषा उमटावी.

२०१४ मध्ये ती दिसल्यासारखी वाटली. एस्रा बुलबुल आणि सहकाऱ्यांनी ७३ दीर्घिकासमूहांचे वर्णपट एकत्र केले, तेव्हा सुमारे ३.५५ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टवर क्षीण उठाव आढळला. अलेक्सी बोयार्स्की यांच्या गटाला तो ययाती समूहात आणि देवयानी दीर्घिकेतही दिसला. म्हणजे कणाचे वस्तुमान सुमारे ७.१ असावे!

शंका लगेच आल्या. समूहांतील कोट्यवधी अंश तापलेल्या वायूतील पोटॅशियमही जवळपास याच ऊर्जेचे किरण देते. जुन्या उपकरणांना दोन्ही वेगळे करणे अवघड होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये गेलेल्या जपानच्या हितोमी दुर्बिणीत ती क्षमता होती. सुमारे सव्वा महिन्यातच ती निकामी झाली. पण त्याआधी तिने ययाती समूह पाहिला होता. तेथे पूर्वी सांगितलेल्या तीव्रतेची रेषा सापडली नाही. २०२० मध्ये आपल्याच आकाशगंगेभोवतीच्या कृष्णद्रव्याचा शोध सुमारे तीन कोटी सेकंदांच्या निरीक्षणांत घेतला गेला. तेथेही रेषा नव्हती. या विश्लेषणाच्या पद्धतीवरही वाद झाले.

मग हाती काय उरले? रेषा दिसली नाही, की त्या वस्तुमानाचा कण किती वेगाने विघटन पावू शकेल यावर मर्यादा येते. शोधाचे क्षेत्र असे आक्रसत जाते. सप्टेंबर २०२३ मध्ये गेलेली क्रिझम दुर्बीण आता हितोमीच्याच धर्तीच्या सूक्ष्म नजरेने आकाश पाहते आहे. सही खरी की पोटॅशियमची, हे तपासण्याचे साधन पुन्हा हाती आले आहे.