मुक्तस्रोत परिमित घटक विश्लेषण प्रणालींमधील तुळई घटक : स्वरूप व मर्यादा

प्रस्तावना :

अभियांत्रिकी महाविद्यालयांत परिमित घटक पद्धतीच्या अध्यापनासाठी विनामूल्य उपलब्ध असणाऱ्या मुक्तस्रोत संगणक प्रणाली उपयुक्त ठरतात. परंतु 'तुळई घटक उपलब्ध आहे' या विधानाचा अर्थ प्रत्येक प्रणालीत सारखा नसतो. प्रस्तुत लेखात हा भेद स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

सैद्धांतिक आधार :

तुळई घटकात लांब व सडपातळ भाग एका रेषेने दर्शविला जातो. त्रिमितीय घटकाच्या प्रत्येक नोडला तीन विस्थापने व तीन परिभ्रमणे असतात. ऑयलर-बर्नुली सिद्धांतात काटछेद अक्षाला लंबच राहतो असे गृहीत धरले जाते, त्यामुळे कर्तनजन्य विरूपण वगळले जाते. टिमोशेंको यांनी १९२१ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात त्याचा समावेश होतो.

प्रणालींचा तौलनिक विचार :

१) कोड-अ‍ॅस्टर : फ्रान्समधील 'ईडीएफ' या वीज कंपनीने विकसित केलेली ही प्रणाली २००१ मध्ये मुक्तस्रोत झाली. तीत ऑयलर व टिमोशेंको या दोन्ही सिद्धांतांवरील तुळई घटक स्वतंत्र नावांनी दिलेले आहेत. कोणता सिद्धांत वापरायचा, हे वापरकर्त्यास स्वतः ठरवावे लागते.

२) कॅल्क्युलिक्स : गीडो डोंट व क्लाउस विटिग यांच्या या प्रणालीत 'बी३२' हा तीन नोडांचा तुळई घटक आकडेमोडीपूर्वी वीस नोडांच्या घन घटकात रूपांतरित होतो. म्हणजेच वापरकर्ता रेषा देतो, पण प्रणाली ठोकळा सोडविते. घन घटकाच्या नोडला परिभ्रमण नसते. म्हणून तुळया कोनात मिळतात किंवा परिभ्रमणावर बंधन घातले जाते, तेथे प्रणाली दृढ गाठ निर्माण करते. त्यामुळे गाठीलगतची प्रतिबले जपून वाचावी लागतात. नळी व पेटी आकाराचे काटछेद केवळ 'बी३२आर' या घटकासह चालतात. रूपांतर न होणारा टिमोशेंको घटक 'यू१' या नावाने वेगळा उपलब्ध आहे. फ्रीकॅडमधून कॅल्क्युलिक्स वापरणाऱ्या विद्यार्थ्यास हे रूपांतर सहसा लक्षात येत नाही.

पडताळणीचे उदाहरण :

एका टोकास जखडलेली, ५० मिमी × ५० मिमी काटछेदाची, १००० मिमी लांबीची पोलादी तुळई घेऊ. मुक्त टोकावर १००० न्यूटन भार आहे. स्थितिस्थापकता गुणांक २,१०,००० न्यूटन प्रति चौरस मिमी व पॉयसन गुणोत्तर ०.३ धरल्यास नमनामुळे येणारा वाक ३.०५ मिमी आणि कर्तनामुळे येणारा सुमारे ०.००६ मिमी होतो. येथे दोन्ही सिद्धांतांची उत्तरे जवळजवळ एकच येतात. मात्र लांबी १०० मिमी केल्यास नमनाचा वाक लांबीच्या घनाप्रमाणे, तर कर्तनाचा केवळ लांबीप्रमाणे घटतो. परिणामी कर्तनाचा वाटा नमनजन्य वाकाच्या सुमारे १९.५ टक्के होतो. ऑयलर घटक हा वाटा मुळीच दाखवीत नाही. प्रणाली कोणतीही सूचना न देता उत्तर देते, आणि विद्यार्थी ते बरोबर मानतो.

निष्कर्ष :

तुळई घटकाची निवड ही केवळ यादीतील नाव निवडण्याची बाब नाही. अध्यापकांनी प्रात्यक्षिकापूर्वी घटकाचा सिद्धांत, नोडवरील परिभ्रमणांची हाताळणी व काटछेदांच्या मर्यादा या तीन बाबी प्रणालीच्या माहितीपुस्तिकेत तपासाव्यात. वरीलप्रमाणे आखूड व लांब अशा दोन तुळयांचे उत्तर विद्यार्थ्यांकडून प्रथम हाताने काढून घ्यावे. स्रोतसंहिता खुली असल्याने उत्तरातील फरकाचे कारण शोधता येते, हाच अध्यापनाच्या दृष्टीने मुक्तस्रोत प्रणालींचा खरा लाभ होय.