घाट उतरताना गाडी गिअरमध्येच हवी

आष्टी हे नगर–जामखेड मार्गावरचे गाव. जामखेडहून पुढे बीडकडे निघाले की बालाघाटाच्या रांगा आडव्या येतात. सौताड्याचा घाट, मांजरसुंब्याचा घाट, आणि नगरला पाथर्डीमार्गे जाणाऱ्यांस करंजीचा घाट, ही नावे या भागातील प्रत्येक कुटुंबाच्या परिचयाची आहेत. २३ सप्टेंबर २०२२ रोजी आष्टी ते नगर रेल्वे सुरू झाली. तरीही दुकानाचा माल, रुग्णालय, लग्नकार्य आणि गुरुदर्शन यांसाठी घरची मोटारच बाहेर निघते. त्यांतील पुष्कळशा गाड्या आजही हाताने गिअर बदलण्याच्या आहेत.

या गाड्यांच्या बाबतीत एक सवय पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. घाटमाथा आला की गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची आणि पेट्रोल वाचवीत उतार उतरायचा. काही महाभाग तर इंजिनही बंद करतात. काटकसर हा व्यापारी घराचा संस्कार असल्याने या सवयीला घरात कौतुकही लाभते. अँबॅसिडर व पद्मिनी यांच्या कार्बुरेटरच्या काळात त्यात थोडेफार तथ्य होते. सन २००० च्या सुमारास आपल्याकडील मोटारींत संगणकनियंत्रित इंधनप्रणाली रूढ होऊ लागली आणि हिशेब उलटा झाला. अशी गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकेच इंजिनाला फिरवतात आणि संगणक इंधनाचा पुरवठा थांबवतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यासाठी थोडे इंधन जळतच असते. म्हणजे ज्या बचतीसाठी जीव धोक्यात घातला जातो, ती बचतच होत नाही.

धोका नेमका कशात आहे? प्रवाशांसह १२०० किलो वजनाची गाडी १०० मीटर खाली उतरते, तेव्हा वेग वाढू द्यायचा नसेल तर तिची ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते. ही ऊर्जा सुमारे साडेतीन लिटर गार पाणी उकळीला आणण्याइतकी असते. गाडी दुसऱ्या वा तिसऱ्या गिअरमध्ये असेल तर तिचा मोठा वाटा इंजिन सोसते. न्यूट्रलमध्ये तो सगळा भार ब्रेकवर पडतो. सतत दाबलेले ब्रेक तापतात, त्यांची पकड कमी होते. ब्रेकचे तेल फार तापले तर त्यात वाफ धरते आणि पेडल मऊ पडून खाली जाते. इंजिन बंद केले असेल तर ब्रेकला मिळणारी यांत्रिक मदत दोन-चार दाबांतच संपते, पॉवर स्टीअरिंग जड होते, आणि किल्ली पूर्ण फिरवून काढली गेली तर स्टीअरिंगला कुलूपच लागते.

जुने चालक सांगत आले आहेत की जो घाट ज्या गिअरमध्ये चढला जाईल, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. गिअर उताराला लागण्यापूर्वी खाली घ्यायचा, वेग वाढल्यावर धावपळ करून नव्हे. मग ब्रेक थोडा वेळ नीट दाबून सोडावा. पाय त्यावर ठेवून राहू नये. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत परवान्याच्या चाचणीसाठी उतारावर त्वरेने खालचा गिअर घेणे आणि चढावर थांबलेली गाडी मागे न घसरता पुन्हा चालू करणे, ही दोन्ही कौशल्ये स्पष्टपणे लिहिलेली आहेत. पण घरोघरी शिक्षण होते ते सपाट मैदानावर. ज्या मुलीने वा सुनेने मैदानात आठ आकडा बिनचूक काढला, तिला घाटाची पहिली ओळख जाणत्या चालकाला शेजारी बसवून, दिवसाउजेडी आणि रिकाम्या रस्त्यावर करून द्यावी.

चढावर थांबावे लागले तर हँडब्रेक ओढावा, क्लच हळूहळू सोडत गाडीचे नाक किंचित उचलल्याचे जाणवले की थोडा अ‍ॅक्सिलरेटर देऊन हँडब्रेक सोडावा. अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरणे हे कौशल्य वाटते खरे, पण त्यात क्लचप्लेट जळते. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते, उतरणाऱ्याने थांबायचे असते.

ऊसतोडणीच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात, त्यांतील अनेकांच्या मागे दिवा नसतो. त्यांना ओलांडायचे तर आधीच खालचा गिअर घेऊन गाडीत ओढ निर्माण करावी. समोरून वाहन आल्यावर ऐन मध्यात गिअर शोधणे घातक ठरते.

जैन कुटुंबांत आणखी एक घाई असते, चौविहाराची. सूर्यास्तापूर्वी घर गाठून भोजन उरकायचे म्हणून परतीच्या वाटेवर वेग वाढतो, आणि तोही नेमका मावळतीचे ऊन काचेवर येऊन डोळे दिपवते त्या वेळी. यावर उपाय स्वयंपाकघरात आहे. पराठे, खाकरे, दशम्यांचा डबा सोबत असावा. वेळ झाली की सुरक्षित जागी गाडी उभी करून तेथेच भोजन उरकावे.

चातुर्मास सोडून उरलेल्या आठ महिन्यांत साधू-साध्वीजींचा पदविहार याच रस्त्यांच्या कडेने चालतो. थंडीतल्या सकाळी पांढरी वस्त्रे धुक्यात मिसळून जातात. अशा वेळी मागून येणाऱ्याने तिसऱ्या वा दुसऱ्या गिअरमध्ये येऊन, कर्कश हॉर्न न देता, पुरेसे अंतर राखून जावे. पण विहारसेवेत मागोमाग गाडी नेणाऱ्या कार्यकर्त्यांचा प्रश्न वेगळाच आहे. माणूस ताशी चार-पाच किलोमीटर चालतो, आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडलेली गाडी सहसा त्याहून पुढे सरकते. म्हणून चालक तासन्‌तास अर्ध्या क्लचवर राहतो. पायाला कळा येतात, प्लेटचा जळका वास सुटतो, आणि थकलेला पाय एखाद्या क्षणी क्लचवरून निसटला तर गाडी पुढे उसळते. पुढे कोण चालले आहे, हे सांगण्याची गरज नाही. त्यापेक्षा गाडी रस्त्याच्या कडेला उभी करून, धोक्याचे चारही दिवे लावून, पन्नास-साठ पावलांचे अंतर पडू द्यावे. मग पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून थोडे पुढे यावे, बरेच अंतर असतानाच थांबावे आणि गाडी न्यूट्रल करून हँडब्रेक ओढावा. वळणाआड संघ दिसेनासा होऊ देऊ नये. चालक दर तासाला बदलता आला तर अधिक बरे.

निघण्यापूर्वी चालकाच्या पायाशी एकदा पाहावे. तेथे गडगडत येणारी पाण्याची स्टीलची बाटली ब्रेकखाली अडकली तर पेडल दाबलेच जात नाही. मागून सैल असलेली चप्पलही तशीच घात करते, आणि दुमडलेले पायपुसणेही.

ब्रेक हाताला लागेनासा झालाच तर इंजिन बंद करू नये. पेडल वेगाने पुन:पुन्हा दाबावे, एकेक करून गिअर खाली आणावा, हँडब्रेक बटण दाबून धरून थोडा थोडा ओढावा, हॉर्न वाजवीत डोंगराच्या बाजूला राहावे, दरीच्या नव्हे.

घाटात गाडी उभी करताना हँडब्रेक ओढल्यावर तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स गिअर टाकून ठेवावा आणि चाकाखाली दगड लावावा. निघताना तो दगड उचलून कडेला ठेवावा. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला तो अंधारात दिसत नाही.