कुत्र्या-मांजरांच्या दातांची निगा

"कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच," असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. माझ्याकडे जनावर दाखवायला येणारे लोक खाणे सुटले, अंग उतरले असे सांगतात. तोंडाच्या वासाबद्दल मात्र विचारल्याशिवाय बोलत नाहीत. वास्तविक निरोगी कुत्र्याच्या वा मांजराच्या तोंडाला घाण येत नाही. दुर्गंधी हे बहुधा हिरड्यांच्या आजाराचे लक्षण असते.

कुत्र्याला दुधाचे २८ आणि कायमचे ४२ दात असतात. मांजराला अनुक्रमे २६ व ३०. साधारण सहा-सात महिन्यांपर्यंत दुधाचे सर्व दात पडायला हवेत. एखादा राहिलाच तर नव्या दाताशेजारी अन्न अडकते, म्हणून तो काढून घ्यावा.

माणसाप्रमाणे कुत्र्याचे दात सहसा किडत नाहीत. रोग असतो हिरडीला. लाळ, अन्नकण व जंतू यांचा चिकट थर दातावर बसतो. लाळेतील क्षारांमुळे दोन-तीन दिवसांतच तो कडक होऊ लागतो. हेच पिवळे-तपकिरी कीटण. पुढे हिरडी सुजते, रक्त येते, आतले हाड झिजते आणि दात हलू लागतो. काही कुत्र्यांच्या डोळ्याखाली गाठ येऊन पू वाहतो. घरचे लोक तिला जखम समजून हळद लावत राहतात. पण मूळ बहुतेकदा वरच्या मोठ्या दाढेत असते. दाढेचा इलाज झाल्याशिवाय ती गाठ पुन्हा पुन्हा फुटते.

उपाय साधा आहे. पिल्लू लहान असतानाच तोंडाला हात लावून घेण्याची सवय लावावी. लहान मुलांच्या मऊ ब्रशने किंवा बोटाला गुंडाळलेल्या ओल्या फडक्याने दातांची बाहेरची बाजू रोज घासावी. साधे पाणी पुरते. आपली टूथपेस्ट वापरू नये. जनावर ती गिळते, आणि काही पेस्टमध्ये असणारे झायलिटॉल कुत्र्याला विषासारखे आहे. गुडाखू, मशेरी तर मुळीच नको. त्यात तंबाखू असते. शिजलेली हाडे देऊ नयेत. त्यांचे अणकुचीदार तुकडे होतात आणि दातही तुटतात.

आपला जिल्हा तलावांचा. मांजराच्या वाट्याला मासोळी येतेच. मांजर पंजाने तोंड खाजवू लागले, एकाच बाजूने चावू लागले किंवा वाटीजवळ येऊन न खाताच परत फिरू लागले, तर काटा रुतला असेल अथवा दात दुखत असेल. अशा वेळी घरातली वेदनाशामक गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

जमलेले कीटण नखाने वा चाकूने खरवडू नये. ते भूल देऊनच नीट काढता येते. आधी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. गरज पडल्यास नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेता येते.

आता सर्वांत महत्त्वाचे. कुत्र्याची लाळ अचानक गळू लागली, खालचा जबडा लोंबला, पाणी गिळता येईना, आवाज बदलला, तर घशात हाड अडकले असे समजून तोंडात हात घालू नका. पिसाळलेल्या जनावराचीही हीच लक्षणे असतात. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही, मग तो माणूस असो की जनावर. अशा जनावराला वेगळे ठेवून डॉक्टरांना कळवावे. त्याची लाळ जखमेला, डोळ्यांना वा तोंडाला लागली किंवा ते चावले, ओरखडले, तर तो भाग लगेच धुवावा. जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी रुग्णालयात लस सुरू करावी.

म्हणून घरच्या कुत्र्या-मांजराला रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्या आणि आठवड्यातून एकदा ओठ उचलून हिरड्या पाहा. गुलाबी हिरडी व पांढरा दात दिसला की निश्चिंत असावे.