कडोदऱ्यात मुलाला अटक झाली, तर जामिनासाठी काय करावं?

नवापूरकडून सुरतेला निघालेला रस्ता कडोदऱ्याच्या चार रस्त्यावर मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो. खानदेश, ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहार इथली माणसं या पट्ट्यातल्या मिलांत राबतात. ४ मे २०२० ला, टाळेबंदीत, 'आम्हाला गावी जाऊ द्या' म्हणत शेजारच्या वरेलीत कामगार रस्त्यावर आले. दगडफेक झाली, अश्रुधूर सुटला, धरपकड झाली. अशा वेळी गावाकडच्या घरी फोन येतो आणि काय करावं ते सुचत नाही.

फोनवरच तीन गोष्टी विचारून घ्या: पोलीस ठाणं कोणतं, गुन्हा क्रमांक काय, कलमं कोणती. अटक झाली की चौकशीची नोटीस मिळाली, हेही विचारा. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी शक्यतो नोटीसच द्यावी, असं कायदा सांगतो. पण नोटिशीची तारीख चुकवून मुलगा गावी निघून आला, की अटकेला कारण मिळतं.

अटक झाली असेल तर कारण सांगणं आणि घरच्यांना कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे, म्हणजे पहिल्या पायरीच्या फौजदारी न्यायाधीशापुढे, उभं करावंच लागतं.

कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्याचं उत्पन्न विचारलं जात नाही. विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर १५१०० आहे. 'मी सोडवून आणतो' म्हणणाऱ्याच्या हातात बिनपावतीचे पैसे ठेवू नका.

गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा हक्क आहे. आठवडाभरात जामीनदार मिळाला नाही, तर कायदा त्या माणसाला गरीब मानतो आणि जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्या लेखी हमीवर, सोडायला सांगतो. गुन्हा अजामीनपात्र असेल तर न्यायालय ठरवतं. तिथे 'बाहेरचा आहे, पळून जाईल' हा मुद्दा हमखास येतो. एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या पोराकडे पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार कुठून असणार? मिलचं ओळखपत्र, पगार जमा झालेलं पासबुक, गावचं रेशनकार्ड, जे असेल ते वकिलाकडे द्या.

सगळ्यात जास्त घरं अडतात ती याच्या पुढे. जामीन मंजूर होतो, घरी पेढे वाटले जातात, आणि पोरगा सुरतेजवळच्या लाजपोरच्या तुरुंगातच असतो, कारण 'स्थानिक जामीनदार आणा' असं सांगितलेलं असतं. बाप नंदुरबारहून सातबारा घेऊन येतो. जमीन दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून तो चालत नाही. १९७८ मध्ये मोतीराम या गवंड्याचं हेच झालं होतं. दहा हजारांचा जामीनदार मागितला होता आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून जामीनदार म्हणून भावाला नाकारलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने हे चूक ठरवून एक हजाराच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं. पुढे याच न्यायालयाच्या २०२३ च्या आदेशात स्थानिक जामीनदाराची अट टाळण्याबद्दल पुन्हा सांगितलं गेलं. जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, हेही त्यातच आहे. म्हणून मुकाट परत फिरू नका. वकिलाला हे दोन्ही निकाल दाखवून अट बदलण्याचा अर्ज करायला लावा.

कोठडीचे दिवस मोजत राहा. गुन्ह्याप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र आलं नाही, तर जामिनाचा हक्क मिळतो. पण अर्ज करावा लागतो, आणि तोही आरोपपत्र दाखल होण्याआधी.

सुटून आल्यावर तारखा चुकवू नका. गैरहजर राहिलं तर वॉरंट निघतं आणि जामीनदाराकडून रक्कम वसूल होऊ शकते. तारखेच्या चिठ्ठीवरचे गुजराती आकडे वाचता येत नसतील, तर पुढची तारीख कोर्टातून निघण्याआधीच वकिलाकडून मराठीत लिहून घ्या.