टीम गेली, नाव उरलं!

आपली फेव्हरेट टीम एक दिवस गाशा गुंडाळून दुसऱ्या शहरात, तेही दुसऱ्या देशात निघून गेली तर? कॅनडातल्या विनिपेगच्या फॅन्सनी १९९६ साली हेच अनुभवलं. हिवाळ्यात पारा उणे ३०पर्यंत उतरणाऱ्या या शहराची आइस हॉकी टीम, विनिपेग जेट्स, थेट अमेरिकेतल्या वाळवंटात, फिनिक्सला गेली.

चौकात मिळाला चेक

जेट्सचा जन्म १९७२चा. एनएचएल, म्हणजेच नॅशनल हॉकी लीगला टक्कर द्यायला तेव्हा वर्ल्ड हॉकी असोसिएशन ही नवी लीग उभी राहत होती. पण नव्या लीगला विचारतंय कोण? म्हणून शिकागोकडून खेळणारा सुपरस्टार बॉबी हल याला जेट्सनं फोडलं. विनिपेगच्या पोर्टेज-मेन चौकात, भर गर्दीत त्याच्या हातात १० लाख डॉलरचा चेक ठेवला गेला. दोन वर्षांनी अँडर्स हेडबर्ग आणि उल्फ निल्सन हे स्वीडिश खेळाडू आले आणि या त्रिकुटानं धमाल उडवली. जेट्सनं त्या लीगची ट्रॉफी तीनदा जिंकली.

१९७९मध्ये ती लीग बंद पडली आणि जेट्स एनएचएलमध्ये आली. इथं मात्र प्लेऑफमध्ये वारंवार वेन ग्रेट्स्कीची एडमंटन ऑइलर्स आडवी आली. स्टॅनली कप काही हाती लागला नाही, पण फॅन्स हटले नाहीत. १९८७च्या प्लेऑफमध्ये अख्खं स्टेडियम पांढरे कपडे घालून आलं. तो ‘व्हाइटआउट’ आजही होतो. १९९२-९३मध्ये तेमू सेलान्ने या फिनलंडच्या पोरानं पहिल्याच सीझनमध्ये ७६ गोल ठोकले. नवख्या खेळाडूचा हा विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही.

प्रेम होतं, पैसा नव्हता

मग घोडं अडलं कुठं? तिकिटांचे पैसे यायचे कॅनेडियन डॉलरमध्ये आणि खेळाडूंचे पगार द्यायचे अमेरिकन डॉलरमध्ये. त्यात कॅनेडियन डॉलर ७५ सेंटच्या आसपास घसरलेला आणि स्टेडियम जुनं. टीम वाचवायला हजारो लोक रस्त्यावर उतरले, शाळकरी मुलांनी पिगी बँक फोडल्या. तरीही हिशेब जुळला नाही. २८ एप्रिल १९९६ला डेट्रॉइटविरुद्ध शेवटची मॅच झाली आणि खेळ खल्लास.

परत आली, पण कुणाची?

१५ वर्षांनी, २०११मध्ये, विनिपेगला पुन्हा एनएचएल टीम मिळाली. सीझन तिकिटांची खुली विक्री सुरू झाली आणि १७ मिनिटांत सगळी तिकिटं संपली! फॅन्सच्या मागणीवरून नावही जुनंच ठेवलं, जेट्स. गंमत म्हणजे ही ती टीम नव्हतीच. ही होती अटलांटा थ्रॅशर्स, विकत घेऊन आणलेली. विनिपेग नाचत होतं तेव्हा अटलांटाचे फॅन्स तेच दुःख भोगत होते, तेही दुसऱ्यांदा. त्यांची आधीची टीम, फ्लेम्स, १९८०मध्ये कॅलगरीला गेली होती. तीही कॅनडातच.

आणि फिनिक्सला गेलेल्या टीमचं काय झालं? दिवाळखोरी, मालक बदल, स्टेडियमचे वाद. शेवटची दोन वर्षं तर ती अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसमध्ये, ५ हजारही प्रेक्षक न मावणाऱ्या स्टेडियममध्ये खेळली. २०२४मध्ये तिथले खेळाडू युटाला गेले.

विनिपेगमध्येही सगळं आलबेल नाही. १३ हजारांवर असलेली सीझन तिकिटं २०२४च्या सुमारास साडेनऊ हजारांच्या आसपास आली आणि शहराच्या पोटात पुन्हा गोळा आला. पुढच्याच सीझनमध्ये जेट्सनं लीगमध्ये सर्वाधिक पॉइंट्स मिळवून टेबलमध्ये पहिला नंबर काढला. तरी एक गोष्ट विनिपेगकरांना पक्की ठाऊक आहे: टीमवर हक्क फॅन्सचा असला, तरी सातबारा मालकाच्याच नावावर असतो. म्हणूनच तिथं मॅचचं तिकीट काढणं म्हणजे नुसता टाइमपास नाही, टीम गावात राहावी म्हणून दिलेलं ते मत आहे.