बर्गंडीतील रोमनेस्क चर्चवास्तू : दगडी छत व प्रकाश यांचा प्रश्न

फ्रान्सच्या पूर्वभागातील बर्गंडी हा प्रदेश सामान्यतः द्राक्षमळ्यांसाठी प्रसिद्ध असला, तरी वास्तुकलेच्या इतिहासात त्याचे महत्त्व निराळ्या कारणाने आहे. इ. स. च्या अकराव्या व बाराव्या शतकांत येथील मठांनी जी चर्चे उभारली, त्यांत रोमनेस्क शैलीपुढील एका मूलभूत प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे पाहावयास मिळतात. केवळ सौंदर्यदृष्टीने पाहिल्यास या वास्तू परस्परांहून भिन्न भासतात. तो प्रश्न ध्यानात घेतला म्हणजे त्यांच्यातील संगती स्पष्ट होते.

प्रश्न असा. लाकडी छत वजनाने हलके, परंतु आगीला सहज बळी पडणारे. दगडी छताला ते भय नाही. पण अर्ध्या पिंपाच्या आकाराचे दगडी छत आपला भार केवळ खाली टाकीत नाही, तर दोन्ही बाजूंच्या भिंतींना त्यांच्या संपूर्ण लांबीभर बाहेर रेटते. हा रेटा सोसावयास भिंत जाड व अखंड हवी. प्रकाशासाठी तिच्या वरच्या भागात खिडक्या ठेवाव्यात, तर ती नेमकी रेट्याच्या जागीच दुर्बल होते. सारांश, स्थैर्य आणि प्रकाश यांचा येथे विरोध उत्पन्न होतो.

तूर्नू येथील सँ-फिलिबेर चर्चमध्ये अकराव्या शतकातील गवंड्यांनी या विरोधातून चतुर मार्ग काढला. त्यांनी मध्यदालनावर एकच लांब छत न घालता प्रत्येक खणावर एक आडवे पिंपाकृती छत घातले. शेजारशेजारची छते एकमेकांना टेकून परस्परांचा रेटा थोपवितात. बाजूच्या भिंती त्यामुळे बऱ्याच अंशी मोकळ्या होतात व त्यांत खिडक्या ठेवता येतात. तथापि या रचनेत दालनाची सलगता खंडित होते. मध्यदालनासाठी तिचे अनुकरण फारसे झाले नाही, त्याचे हे एक कारण असावे.

क्लूनीच्या मठाने याच्या उलट धाडस केले. १०८८ मध्ये मठाधिपती ह्यूग याच्या काळात तेथील तिसऱ्या चर्चचे काम सुरू झाले. सुमारे १८७ मीटर लांबीचे हे चर्च, रोममधील नवे सेंट पीटर्स उभे राहीपर्यंत, ख्रिस्ती जगातील सर्वांत मोठे होते. त्याचे मध्यदालन सुमारे ३० मीटर उंच होते आणि छताखाली खिडक्यांची ओळही होती. येथे अर्धगोल कमानीऐवजी टोकदार कमान योजण्यात आली. अशा कमानीचा बाहेरील रेटा तुलनेने कमी असतो. तरीही ११२५ मध्ये मध्यदालनाच्या छताचा काही भाग कोसळला. दुरुस्तीनंतर ११३० मध्ये चर्चचे विधिपूर्वक समर्पण झाले.

वेझलेचे उत्तर तिसरे. ११२० च्या आगीनंतर तेथील मध्यदालन नव्याने बांधताना दोन पिंपाकृती छते परस्परांना काटकोनात छेदतील अशी योजना करण्यात आली. अशा छताचा भार भिंतीच्या सर्व लांबीवर न पडता खणाच्या चार कोपऱ्यांवर एकवटतो, आणि मधल्या भिंतीत खिडकीला जागा मिळते. त्यामुळे हे दालन प्रकाशमान झाले खरे. परंतु आडव्या कमानी अर्धगोलच राहिल्याने कोपऱ्यांवरचा रेटा मोठा होता. भिंती हळूहळू बाहेर कलल्या व कमानी दबल्या. पुढे बाहेरून कमानींचे टेकू द्यावे लागले.

फॉन्तने येथील सिस्टर्शियन साधूंनी प्रकाशाचा मोहच आवरला. ११३९ ते ११४७ या काळात बांधलेल्या त्यांच्या चर्चमध्ये मध्यदालनाला वरच्या खिडक्या नाहीत. टोकदार पिंपाकृती छत बाजूच्या दालनांवरील आडव्या छतांनी दोन्हीकडून धरून ठेवले आहे; म्हणजे तूर्नूची युक्ती येथे आधारासाठी वापरली गेली. मध्यदालनाला थेट प्रकाश पूर्व व पश्चिम टोकांच्या खिडक्यांतून येतो. या पंथाच्या साधेपणाच्या आग्रहाशी ही रचना सुसंगत होती.

हा सर्व ऊहापोह आज ज्या पुराव्यावर आधारावयाचा, तो मात्र एकसारखा विश्वसनीय नाही. क्लूनीचे चर्च राज्यक्रांतीनंतर १७९८ मध्ये विकले गेले व पुढील सुमारे पंचवीस वर्षांत दगडांसाठी पाडण्यात आले. मोठ्या आडव्या दालनाची दक्षिण भुजा व तिच्यावरील अष्टकोनी मनोरा हाच त्याचा मुख्य अवशेष होय. उरलेल्या वास्तूचे ज्ञान जुनी चित्रे आणि अमेरिकन अभ्यासक केनेथ कॉनंट यांनी १९२८ पासून केलेले उत्खनन यांवर अवलंबून आहे. फॉन्तनेचा मठ कागदाचा कारखाना बनला, म्हणूनच तो टिकला. १९०६ नंतरच्या जीर्णोद्धारात कारखान्याच्या इमारती हटविण्यात आल्या. वेझले कोसळण्याच्या बेतात असताना १८४० मध्ये सव्वीस वर्षांच्या व्हिओले-ल-द्यूक याच्याकडे सोपविण्यात आले. त्याने बाहेरील टेकू नव्याने बांधून वास्तू वाचविली. परंतु मध्यदालनाच्या पूर्वेकडील काही खणांवरचे नंतरच्या काळातील गॉथिक छत उतरवून, उर्वरित दालनाशी जुळेल असे रोमनेस्क पद्धतीचे छतही त्यानेच घातले.

आज पूर्वेकडे पाहणाऱ्यास जी एकरूपता जाणवते, तिचा काही अंश अशा प्रकारे बाराव्या शतकाचा नसून एकोणिसाव्या शतकाचा आहे. वेझले १९७९ मध्ये आणि फॉन्तने १९८१ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाले. या मान्यतेने वास्तूंचे रक्षण होते; परंतु कोणता दगड कोणत्या काळी व कोणत्या हेतूने बसविला गेला, याचा निर्णय तिने होत नाही. तो निर्णय खणाखणाने करावयास हवा. जीर्णोद्धारकाने केलेली दुरुस्ती मूळ गवंड्याच्या नावावर जमा झाली, तर रेट्याशी झगडताना त्या गवंड्याने केलेली चूक आणि तिच्यातून त्याला मिळालेला धडा, दोन्ही इतिहासातून नाहीसे होतील.